ज्याचा दात, त्यानेच बोलावं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा, कंबर जेवढी वाकू देईल तेवढा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिन्यावरून उतरताना कटकट वाजतो म्हणाली होतीस, तो अजून वाजतो की गप्प बसला? भावोजींची कवळी नीट बसते ना? (मी केलेली कवळी नीट बसतेच. ती बसवली जाते का, एवढाच प्रश्न आहे. शर्टाच्या खिशात ठेवलेल्या कवळीने आजवर कुणालाही घास चावता आलेला नाही, हे त्यांना माझ्या आणि शास्त्राच्या वतीने सांग.) इकडे आम्ही अगदी मजेत. भूक उत्तम, झोप उत्तम, आणि आत्मविश्वासाबद्दल तर तुला लहानपणापासून तक्रारच आहे. माझी खुर्ची हल्ली जरा रिकामी असते आणि गावात माझ्याविरुद्ध एक संयुक्त समिती स्थापन झाली आहे, तेवढं सोडलं तर लिहिण्यासारखं विशेष काही नाही. पण तुझ्या कानावर चारी बाजूंनी काहीबाही येणार, आणि लोक तिखटमीठ लावल्याशिवाय बातमी पुढे सरकवत नाहीत, म्हणून घडलं तसं लिहितो. शांतपणे बस आणि वाच. चष्मा डोक्यावर असेल, बघ.

आमचा दवाखाना तू पाहिला आहेसच. एकाच खोलीचे मधे प्लायवूड घालून केलेले दोन भाग, इकडे माझी खुर्ची, तिकडे तुझ्या भावजयीची. ते प्लायवूड छतापर्यंत पोचत नाही. सुताराने तेव्हा हवा खेळती राहील असं कारण दिलं होतं. हवा खेळते की नाही ते माहीत नाही, पण इकडचा शब्द न् शब्द तिकडे खेळतो. आता माझी काम करण्याची पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. घाबरलेला माणूस खुर्चीत बसला की त्याचा जबडा आवळतो. कानाखाली बोट ठेवलं तर तिथला स्नायू सुपारीसारखा टणक लागतो. असा माणूस तोंड पुरतं उघडत नाही, मग काम करणाऱ्याचे हाल आणि करून घेणाऱ्याचेही. माझ्या फार लवकर लक्षात आलं की जबडा सैल करायला औषध लागत नाही, सहमती लागते. माणसाला एखादं मत मांडू द्यायचं, आपण म्हणायचं, अगदी माझ्या मनातलं बोललात, की बोटाखालचा स्नायू लोण्यासारखा विरघळतो. त्यानंतर त्याच्या तोंडात कापूस, नळी आणि माझी दोन बोटं असतात, त्यामुळे पुढचं बोलायचं काम माझ्यावरच येतं, आणि मी त्याचंच मत त्याच्यापेक्षा चांगल्या शब्दांत त्याला ऐकवत राहतो. असं करत मी या गावातल्या प्रत्येक माणसाशी सहमत झालेलो आहे. निवडणुका वेळेवर व्हाव्यात असं म्हणणाऱ्याशी, त्या कायमच्या बंद कराव्यात म्हणणाऱ्याशी, मुलींनी खूप शिकावं म्हणणाऱ्याशी आणि शिकूनच सगळं बिघडलं म्हणणाऱ्याशीही. यात लबाडी नाही, ताई. ही भूल देण्याची एक बिनसुईची रीत आहे.

तुझी भावजय याच्या नेमकी उलट. ती पेशंटशी सहमत होत नाही आणि असहमतही होत नाही. आ करा, चूळ भरा, दुखलं तर हात वर करा, या तीन वाक्यांवर तिची अख्खी प्रॅक्टिस चालते. माझ्याकडून हसत बाहेर पडलेली माणसं पुढच्या वेळी तिच्याकडे का जातात, याचा मी बराच विचार केला होता. (निष्कर्ष: लोकांना कौतुक पचत नाही.)

तर आमच्या समोरच पडद्यांचं दुकान आहे. पडदेवाला माझा जुना पेशंट. त्याची बायको एक दिवस हिच्याकडे दाढ दाखवायला आली, आणि अर्थातच सोबत तोही आला. (त्या बाईला सगळे पडदेवाल्याची बायको म्हणूनच ओळखतात. दुकानातले यच्चयावत पडदे ती शिवते. तो मोजपट्टी गळ्यात अडकवून बोलतो.) हिने बाईंना विचारलं, कुठे दुखतंय. पडदेवाला म्हणाला, खालची डावी. कधीपासून? पडदेवाला म्हणाला, आठवडा झाला. गार लागतं का? पडदेवाला म्हणाला, गार नाही, गोड लागतं. मी प्लायवूडच्या अलीकडे एकाची दाढ भरत होतो, आणि मला त्या माणसाचं खरंच कौतुक वाटलं, बायकोच्या दाताची इतकी बारीक माहिती मला माझ्या बायकोच्याच काय, स्वतःच्याही दातांची नाही. हिने सुई भरली. तेवढ्यात (हे हिने नंतर सांगितलं) बाईंनी मान हलवली आणि बोट वर नेलं. वरची उजवी.

पडदेवाला म्हणाला, "तिला नीट सांगता येत नाही, डॉक्टर. तुम्ही खालचीच बघा."

मग तुझ्या भावजयीचा आवाज आला. मोठा नव्हता. ती चिडली की आवाज लहान होतो, हे तुलाही माहीत आहे. "दात तुमचा आहे का?"

"म्हणजे काय? बायको माझी आहे."

"मी बायको तपासत नाहीये, दात तपासतेय. तुम्ही बाहेर बसा."

तो बाहेर बसला नाही. तो बायकोला घेऊन उठला आणि तडक दुकानात गेला, दाढ तशीच राहिली. हिने सुई ठेवून दिली, हात धुतले, आणि संध्याकाळी रंगाऱ्याकडून एक पाटी करून आणली. पांढऱ्यावर निळी अक्षरं, तिच्या दारावर, डोळ्यांच्या उंचीवर: ज्याचा दात, त्यानेच बोलावं. सोबतच्यांनी बाहेर बसावं. बस, एवढंच. चपला बाहेर काढाव्यात, मोबाइल बंद ठेवावा, त्याच जातीची पाटी. मी तर दोन दिवस ती वाचलीही नव्हती.

पण गावाने वाचली, ताई! आणि कशी वाचली! पडदेवाल्याने तिचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला आणि खाली लिहिलं की नवऱ्यांना बोलायची बंदी घालणारा हा पहिला दवाखाना. झालं. तोवर या गावात भांडण नव्हतं असं नाही, पण ते दूरच्या पुढाऱ्यांवरून असायचं, म्हणजे फुकटचं आणि निरुपद्रवी. आता ते आमच्या दारावर आलं. एका बाजूला पडदेवाला आणि त्याची मंडळी. त्यांचं म्हणणं, अभिव्यक्तिस्वातंत्र्य नवऱ्यालाही असतं आणि ही पाटी म्हणजे त्याची गळचेपी. दुसऱ्या बाजूला आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या वकीलबाई आणि त्यांची मंडळी. त्यांचं म्हणणं, ही पाटी म्हणजे जाहीरनामा आहे, ती प्रत्येक दवाखान्यात, बँकेत आणि घराच्या दारावर लागली पाहिजे. (यातही एक पोटभेद निघाला. काही जणींनी हरकत घेतली की ‘त्यानेच’ हा शब्द पुरुषी आहे, ‘तिनेच’ हवा. रंगाऱ्याला बोलावून ‘ज्याचा किंवा जिचा, त्याने किंवा तिने’ असं करून घ्यायचं ठरलं, पण एवढं दारावर मावेना. रंगारी म्हणाला, दार मोठं करा.) पडदेवाल्याने दुकानावर उत्तम प्रतीच्या कापडाचा एक फलक लावला: संसार दोघांचा, तर दात एकटीचा कसा? वकीलबाईंनी त्यांच्या गॅलरीतून उत्तर सोडलं: आमचा जबडा, आमचा आवाज. मग नीतिमत्तेचा प्रश्न आला. बंद दाराआड डॉक्टर एकट्या बाईबरोबर काय करतो, हे समाजाला कळायला नको का, असं एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं. डॉक्टर स्वतःच बाई आहे, हे त्यांच्या निदर्शनास आणून दिल्यावर ते म्हणाले, मग तर जास्तच कळायला हवं.

आमच्या बाहेरच्या खोलीत दोन बाकं आहेत. एका बाकावर पाटीवाले बसू लागले, दुसऱ्यावर पाटीविरोधी. ज्यांना कुणाशीच वाकडं नको ते जिन्यात उभे राहत. शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं, आणि दोघांनीही मला सांगितलं की आपण हे बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी करत आहोत. आणि मी? मी नेहमीसारखं काम करत होतो. पडदेवाला माझ्याकडे रूट कॅनाल करून घेत होता, त्याच्या कानाखालचा स्नायू नुसता दगड झालेला. मी म्हणालो, पाटी अतीच आहे. तो थोडा सैल पडला. मी म्हणालो, घरातलं बोलणं घरातच बरं. आणखी सैल. आणि मग मी म्हणालो, काळजी करू नका, मी एक शब्द टाकला की काढेल ती, शेवटी बायको आहे. लोणी! असं रूट कॅनाल मी आयुष्यात केलं नसेल. पुढच्या दुपारी वकीलबाई आल्या. त्यांना मी सांगितलं की पाटीची मूळ कल्पना जवळजवळ माझीच. त्यांचा जबडा तर मुळातच उत्तम, त्याला व्यायाम असतो.

आता पुढचं ऐक. प्रकरण हातघाईवर येऊ लागलं तेव्हा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये जाहीर सभा घ्यायचं ठरलं. पाटी राहावी की जावी. अध्यक्ष कोण, यावरून दोन्हीकडचे तीन बैठका भांडले. न्यायाधीश नको, तो वकीलबाईंच्या ओळखीचा. मुख्याध्यापक नको, ते पडदेवाल्याचे साडू. आणि मग, ताई, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी एकच नाव पुढे आलं. माझं! या गावात पाण्याच्या वेळेवर एकमत झालेलं नाही, रस्त्याच्या नावावर झालेलं नाही, पण माझ्यावर झालं. दोन्हीकडच्यांना खात्री होती की हा माणूस आतून आपला आहे. मी तत्काळ होकार दिला. तुझ्या भावजयीने मला एवढंच विचारलं, "तू तिथे काय बोलणार आहेस?" मी म्हणालो, अध्यक्षाने बोलायचं नसतं, तोल सांभाळायचा असतो. ती काहीच म्हणाली नाही. (म्हणजे बोलली असती तर बरं झालं असतं, असं नंतर वाटलं. तेव्हा मला ती कौतुकाने गप्प बसली असं वाटलं.)

हॉल गच्च भरला होता. घडीच्या खुर्च्या, मधे वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पक्ष, लग्नाला आल्यासारखे नटलेले. तुझी भावजय दुसऱ्या रांगेत, अगदी वाटेच्या कडेला. पहिल्या रांगेत पडदेवाला, आणि त्याच्या शेजारी त्याची बायको, गालाला रुमाल लावून. आधी पडदेवाला बोलला. कुटुंब म्हणजे काय, नवरा म्हणजे काय, प्रेमाने बायकोच्या वतीने बोलणं हा गुन्हा आहे का, असं सगळं तो बोलला, आणि टाळ्या मिळाल्या. मग वकीलबाई उठल्या. शतकानुशतकं जिचा आवाज दाबला गेला त्या स्त्रीच्या वतीने मी बोलणार आहे, असं म्हणून त्यांनी पहिल्या रांगेकडे हात केला आणि त्या बोलत राहिल्या, बोलत राहिल्या. त्यांनाही टाळ्या मिळाल्या. एकदा पडदेवाल्याच्या बायकोने रुमाल काढून काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर वकीलबाई म्हणाल्या, थांबा, मी तुमचंच मांडतेय.

मग सगळे माझ्याकडे वळले. अध्यक्षांचं मत! मी उभा राहिलो, कोटाची बटणं लावली आणि म्हणालो की दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे वाक्य मी इतक्या खुर्च्यांवर यशस्वीपणे वापरलं आहे की ते सभेत फसेल अशी कल्पनाही नव्हती. पण सभेच्या तोंडात कापूस नसतो, ताई. पडदेवाला उठला. "डॉक्टर, मला तर म्हणालात पाटी अती आहे." वकीलबाई उठल्या. "मला म्हणालात कल्पना तुमचीच." मग जो तो उठायला लागला. बसचा ड्रायव्हर म्हणाला, मला म्हणाले बायकांनी गाडी चालवू नये. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, मला म्हणाले बायकांनीच चालवावी. ते निवृत्त गृहस्थ म्हणाले, माझ्याशी तर ते निवडणुका बंद करण्याबाबत पूर्ण सहमत होते. आणि त्या दोन अबोला धरलेल्या भावांनी माझी वाक्यं एकमेकांशी ताडून पाहायला सुरुवात केली, म्हणजे त्यांचा अबोला सुटला, याचं श्रेय मला कुणी दिलं नाही ते सोड. गोंगाट असा की छताचा पंखा ऐकू येईना. आणि त्या गोंगाटातून पडदेवाल्याचा आवाज आला, "आणि बायकोबद्दल काय म्हणालात? मी एक शब्द टाकला की काढेल पाटी, शेवटी बायको आहे, हे कोण म्हणालं?"

त्या गोंगाटात मी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. तुझ्या भावजयीने चष्मा काढला आणि ती पदराने पुसत बसली. एखाद्या पोराने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला की ती असं करते. ओरडत नाही, चष्मा पुसते.

ताई, मी घाबरलो असं तुला वाटत असेल, पण मी अजिबात घाबरलो नाही. (घाम आला तो कोटामुळे.) पण हेही खरं की त्या क्षणी माझ्याकडे कुणाशी सहमत व्हावं असा एकही माणूस उरला नव्हता, आणि अशा वेळी माणसाला स्वतःच्या मनात डोकवावं लागतं. तिथे मत होतं. धूळ बसलेली, पण होतं. मी माइक तोंडाजवळ ओढला आणि म्हणालो: मंडळी, तुम्ही सांगितलंत ते सगळं मी बोललो आहे. त्यातलं एकही माझं मत नव्हतं. ती तुमचीच मतं होती, मी ती फक्त तुम्हाला गोड करून परत दिली. माझं मत असं आहे की पाटी राहणार. मी सांगितलं की ती काढेल, हे मी साफ खोटं बोललो. मी सांगितलं तरी ती काढणार नाही, आणि मी सांगणारही नाही, कारण पाटी बरोबर आहे. आणि आपण सगळे एवढा वेळ ज्या दाढेबद्दल बोलतोय, ती दाढ इथे पहिल्या रांगेत ठणकत बसली आहे, आणि तिला अजून कुणीही काही विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.

हॉल स्तब्ध. टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी आजवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पण एका भाषणाने एवढा जमाव असा गार झालेला मी पाहिला नाही.

आणि मग पडदेवाल्याची बायको उठली. ती माझ्याकडे आली नाही, व्यासपीठावर आली नाही, तिने माइकही मागितला नाही. ती मागे वळून दुसऱ्या रांगेपाशी गेली आणि तुझ्या भावजयीला म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत्ता दवाखाना उघडाल का? फार दुखतंय." हिने चष्मा घातला, पर्समधून किल्ल्या काढल्या, आणि दोघी मधल्या वाटेने निघून गेल्या. मागे सभा पुन्हा पेटली, सभात्याग हा निषेध समजायचा की पाठिंबा, यावर. मी अध्यक्षपद तिथेच खुर्चीवर ठेवलं आणि त्यांच्या मागे गेलो.

हिने दिवा लावला, बाईंना खुर्चीत बसवलं आणि विचारलं, कुठे? बाई बोलायला लागल्या त्या थांबेनात. वरची उजवी, आठवडा कसला, तीन महिने, गोड नाही, गार, आणि रात्री आडवं झालं की कानापर्यंत, आणि पडदा शिवताना मान खाली घातली की डोळ्यापर्यंत. सांगितलं का नाही कुणाला, असं हिने विचारलं. सांगितलं की, बाई म्हणाल्या, पण ते खालच्या डावीबद्दल बोलत होते ना. मी लाळ ओढायची नळी धरून उभा होतो. ते काम माझ्या हुद्द्याचा माणूस करत नाही, पण आमची मदतनीस घरी गेली होती, आणि हिने नळी माझ्या हातात दिली तेव्हा हुद्द्याचा प्रश्न काढण्यासारखी वेळ नव्हती. मी एक शब्दही बोललो नाही. तू म्हणशील अशक्य, पण हिला विचार.

थोड्या वेळाने बाहेर बाक करकरलं. पडदेवाला येऊन बसला होता, मोजपट्टी अजून गळ्यात. त्याने दाराबाहेरून विचारलं, "फार दुखतंय का गं?" बाईंच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे उत्तर आलं नाही. सवयीने त्यानेच ते दिलं असतं. पण तो गप्प बसला. काम संपेपर्यंत तो त्या उत्तराची वाट बघत बसला होता, आणि बाई बाहेर आल्यावर ते त्याला मिळालं. जिना उतरून रस्ता ओलांडेपर्यंत मिळत होतं.

दोघे गेल्यावर आम्ही हत्यारं उकळायला टाकली. हिने माझ्याकडे न बघता विचारलं, "मी सांगितलं की काढेल. हे तू कशाला म्हणालास?" मी म्हणालो, रूट कॅनाल चालू होतं, त्याचा जबडा आवळला होता. ती म्हणाली, "आणि माझा?" यावर माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे तीन-चार होती, पण सगळी सहमतीची होती, म्हणून मी उकळत्या पाण्यात चिमटे सोडत राहिलो. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी फक्त दातांबद्दल बोलली. आता इतरही विषय निघतात.

गावाचं म्हणशील तर दोन्ही पक्ष मला सोडून गेले आणि जाता जाता एकत्र आले. संयुक्त समितीची पहिली बैठक पडद्याच्या दुकानात झाली, वकीलबाई अध्यक्ष, निवृत्त गृहस्थ चिटणीस. जे आजवर कुणाला जमलं नाही ते मी एका संध्याकाळी करून दाखवलं, फक्त त्यांनी ते माझ्याविरुद्ध करायला नको होतं. पाटी जागच्या जागी आहे. मी आता पेशंटशी खरं बोलतो. परवा वकीलबाईंची दाढ दुखली, दुसरा दातवाला इथून लांब, म्हणून नाइलाजाने आल्या. मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मला तुमचं भाषण आवडलं नाही. त्यांनी तोंडात नळी असताना, कापूस असताना, ड्रिल चालू असताना माझ्याशी वाद घातला. जबडा शेवटपर्यंत दगड होता. काम दुप्पट वेळ चाललं आणि जाताना त्या म्हणाल्या, पुढच्या गुरुवारी उरलेलं बोलू. मला वाटतं धंदा सावरेल. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा, आता स्वतःचं मत असलेला,
धाकटा

ता. क.: वर एवढं पाल्हाळ लावलं, पण लेकीबद्दल एक अक्षरही लिहिलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. ती पुढच्या महिन्यात येतेय, आणि तोही येतोय. लग्न केलेलं नाही, करायचा विचार नाही, दोघं एकत्र राहतात आणि सुखात दिसतात. यावरूनच तू दोन वर्षांपूर्वी तुझ्या भावजयीशी भांडून भरल्या ताटावरून उठलीस आणि बॅग भरलीस. तुला स्टेशनवर सोडताना गाडीत मी काय म्हणालो ते आठवतं? तू म्हणतेस तेच बरोबर, हिला कळत नाही. परत येऊन मी हिला म्हणालो, तू म्हणालीस तेच बरोबर, ताईला कळत नाही. तेव्हापासून तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नाही आणि मी दोघींचा लाडका आहे. तर माझं मत असं: लेकीचं काहीही चुकलेलं नाही. तू तिला तिच्या तोंडावर जो शब्द वापरलास तो फार वाईट होता, आणि मी तेव्हाच तसं म्हणायला हवं होतं. हे वाक्य तीनदा खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं. तू रागावशील. रागाव, पण राग घेऊन इकडे ये. लेक फोनवर विचारत होती, आत्या येणार का? मी हो म्हणून बसलो आहे. (सवय एकदम जात नाही.)

ता. क.: ताई, नमस्कार. अक्षर बदललं म्हणून घाबरू नका, मी आहे. पत्र यांनी स्वतःहून वाचायला दिलं. एक दुरुस्ती करते. सभागृह स्तब्ध झालं वगैरे काही नाही. गडबडीत कुणाचा तरी पाय वायरीत अडकला आणि माइक बंद पडला होता. यांचं बोलणं पहिल्या दोन रांगांपलीकडे कुणालाच ऐकू गेलं नाही. मागचे शांत होते, कारण त्यांना वाटलं हे अजून सुरू व्हायचेत.

मी दुसऱ्या रांगेत होते. मला ऐकू आलं.

तुम्ही या. आपलं भांडण अर्धवट राहिलंय. मधे हे दोघींशी सहमत होत राहिले, म्हणून ते कधी धड झालंच नाही. या वेळी पूर्ण करू. मुक्काम जरा मोठा ठेवा.